घराची दुरुस्ती आणि आपली मुकी जनावरे

(इयत्ता चौथी)



भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी आम्हाला विषय दिला होता, ‘सुट्टीत तुम्ही काय शिकलात?’ यंदा मे महिन्यात आमच्या घराचे काम निघाले होते. घराचे काम निघाले की माणसे आपली सोय करतात. भांडी शेजारी ठेवतात, कपडे पेटीत भरतात. पण गाय, शेळी, कोंबडी, मांजर, कुत्रा यांनी कुठे जावे? ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. मीसुद्धा विसरले आणि माझ्या हातून मोठी चूक झाली. ती चूकही मी पुढे लिहिली आहे. गुरुजी म्हणाले, “लपवू नकोस, लिही. म्हणजे दुसऱ्याच्या घरी तसं होणार नाही.”

आमचे घर

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या कुशीत आहे. घर आजोबांच्या वेळचे आहे. भिंती दगडमातीच्या आणि वर मंगलोरी कौले. आपल्या महाड-पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. त्यामुळे वासे आणि रिपा कुजतात, वाळवी लागते. कौल सरकले की माजघरात गळते. म्हणून कौले परतणे, रिपा बदलणे ही कामे मृग लागायच्या आत करावी लागतात. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते.

उशीर झाला तर काय होते ते आईने सांगितले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला किनाऱ्याला लागले. आपल्या रायगड जिल्ह्यात पुष्कळ घरांची कौले आणि पत्रे उडाले. मी तेव्हा अगदी लहान होते. आमच्या घराची एक बाजू उघडी पडली. मृग चार दिवसांवर आला होता. सगळ्या गावाला एकदम कौले पाहिजे होती, ती मिळेनात. आमची गाय किती तरी रात्री ताडपत्रीखाली भिजत उभी होती, असे आई सांगते.

यंदा मुंबईचे काका मे महिन्यात रजा काढून आले. बाबांनी आणि काकांनी ठरवले, की वाळवी लागलेल्या रिपा काढायच्या, कौले परतायची, पडवीत सिमेंटचा कोबा करायचा आणि भिंतींना चुना द्यायचा. गवंडी काका आणि सुतार काका यांना सांगून झाले. काका म्हणाले, “उद्याच सुरू करू.”

तेव्हा आजी चुलीजवळून म्हणाली, “आदी मुक्या जनावरांची सोय बघा, मंग कौलांना हात लावा.”

आमच्या घरात माणसे सहा आणि जनावरे पुढीलप्रमाणे आहेत: एक गाय, तिचे नाव चांदी. दोन शेळ्या. आठ कोंबड्या, त्यांतली एक खुडूक. एक मांजर, मनी आणि तिची तीन पिल्ले. एक कुत्रा, मोत्या. म्हणजे घरात आमच्यापेक्षा तीच जास्त!

१. आधी जागा ठरवावी

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही प्रत्येक जनावराची जागा ठरवली. गोठा घराला लागूनच असल्यामुळे तिथे कौले पडण्याची भीती होती. म्हणून बाबांनी परसात फणसाखाली टहाळे घालून मांडव केला. तिथे चांदी आणि दोन्ही शेळ्या बांधायच्या. मांडव घरापासून तीस पावलांवर होता. मीच मोजली.

पेंढासुद्धा आधीच हलवला. आई म्हणाली, पेंढ्यावर सिमेंटची धूळ बसली तर गाय तोंड लावणार नाही, आणि लावले तर ते वाईट. पाण्याचे घमेले मांडवात वेगळे ठेवले. घरात चुन्याचे घमेले असते, सिमेंटचे असते. जनावराला कसे कळणार, की पाण्याचे कोणते?

२. खुडूक कोंबडीला कधी हलवावे?

आमची तांबडी कोंबडी नऊ अंड्यांवर बसली होती. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू निघायला २१ दिवस लागतात. काम निघाले त्या दिवशी तिचा बारावा दिवस होता. म्हणजे अजून नऊ दिवस हवे होते. पण काकांची रजा थोडी होती.

आजीने उपाय सांगितला. खुडूक कोंबडीला दिवसा हलवू नये. दिवसा हलवली तर ती घाबरून उठते, अंडी गार होतात आणि आतली पिल्ले मरतात. तिला रात्री काळोखात हलवावी, आणि टोपलीसकट हलवावी. कोंबडीला काळोखात नीट दिसत नाही, म्हणून ती गप्प बसते. आम्ही रात्री जेवणे झाल्यावर कंदील बारीक केला आणि टोपली उचलून शेजारच्या काकूंच्या ओटीवर कोपऱ्यात ठेवली. वर डालगे झाकले. तांबडी नुसती कुरकुरली, पण उठली नाही. नऊ दिवसांनी सात पिल्ले निघाली. दोन अंडी फुकट गेली.

बाकीच्या कोंबड्यांनी आठ-दहा दिवस अंडी दिली नाहीत. जागा बदलली आणि ठोकाठोक ऐकली की कोंबड्या अंडी बंद करतात. त्यांना मारू नये, ओरडू नये. सवय झाली की त्या पुन्हा घालतात.

एक गंमत सांगते. पडवीतला कोबा ओला होता तेव्हा एक कोंबडी डालग्यातून सुटली आणि कोब्यावरून तुरुतुरु चालत गेली. तिची पावले अजून कोब्यावर आहेत. पण ही गंमत धोक्याची होती. ओले सिमेंट कातडी जाळते. आईने लगेच तिचे पाय पुष्कळ पाण्याने धुतले. मांजर सिमेंटवरून चालली तर ती पाय चाटते, म्हणजे सिमेंट तोंडात जाते. म्हणून कोबा ओला असेपर्यंत दाराला फळी आडवी लावावी.

३. मांजर आणि तिची पिल्ले

मनी माळ्यावर व्याली होती. आजी म्हणते, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. सात की किती ते मला माहीत नाही, पण माळ्यावर चढउतार सुरू झाल्यावर मनीने एकेक पिल्लू मानेला धरून नेले. दोन नेली आणि तिसरे राहिले. आम्हाला वाटले तिन्ही गेली.

दुसऱ्या दिवशी सुतार काका कौलांची चळत उचलणार, एवढ्यात आतून बारीक ‘म्याँव’ आले. पिल्लू कौलांच्या फटीत शिरले होते. वरची चार कौले घसरली असती तर ते चिरडले असते.

यावरून मी शिकले, की पिल्ले मोजावीत. आई कुठे जाते ते पाहावे. आणि कौलांची, फळ्यांची, विटांची चळत उचलण्याआधी हाताने ठोकून थोडे थांबावे. आत कोणी असेल तर आवाज करते किंवा पळते.

४. कौलांतला विंचूकाटा

चळत उचलण्याआधी थांबण्याचे दुसरेही कारण आहे. कौलांखाली आणि दगडांच्या राशीत विंचू राहतात. आपल्याकडे लाल विंचू आहे, त्याचे विष फार वाईट. कुत्रा आणि मांजर नाक खुपसून वास घेतात, त्यामुळे त्यांना तोंडावरच डंख बसतो. आपण पोरे तर हातच घालतो.

मित्रांनो, तुम्हाला ठाऊक आहे का? विंचूदंशावरच्या उपचाराचा मोठा अभ्यास आपल्या महाडात झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात विंचू चावलेल्या रोग्यांवर उपचार केले आणि प्राझोसिन नावाचे औषध लागू पडते हे दाखवून दिले. पूर्वी लाल विंचवाने पुष्कळ माणसे मरत. त्यांच्या कामामुळे ते फार कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून विंचू चावला तर मंत्र-अंगारा करत बसू नये, लगेच दवाखान्यात जावे.

५. कुत्र्याला आवाज का सोसत नाही?

मोत्या तसा धीट आहे. पण फरशी कापायचे यंत्र सुरू झाले की तो शेपूट पायांत घालून थरथर कापायचा. एकदा तर तो दोरी तोडून नदीपर्यंत पळाला. काका म्हणाले, “भित्रा कुत्रा!” मला राग आला. मी गुरुजींना विचारले.

गुरुजींनी सांगितले, की माणसाला एका सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा येतो. म्हणजे यंत्राची जी कर्कश शिट्टी आपल्याला ऐकूच येत नाही, तीसुद्धा त्याच्या कानात शिरते. मोत्या भित्रा नाही, त्याचे कान आपल्यापेक्षा चांगले आहेत.

मग आम्ही यंत्राच्या वेळी मोत्याला शेतावरच्या खोपीत नेऊ लागलो. त्याचे जुने गोणपाट बरोबर नेले. ओळखीचा वास असला की कुत्रा शांत बसतो. संध्याकाळी काम थांबले की परत आणायचे आणि घरीच जेवण द्यायचे, म्हणजे घर बदलले असे त्याला वाटत नाही.

६. चुना आणि रंग

चुन्याच्या कळ्यांवर पाणी ओतले की चुना उकळल्यासारखा होतो. भांडे धरवत नाही इतके तापते. तो अंगावर उडाला तर भाजते, डोळ्यांत गेला तर डोळा जातो. म्हणून चुना भिजवताना पोरे आणि जनावरे दोन्ही लांब ठेवावीत. चुन्याच्या पिंपावर झाकण आणि झाकणावर दगड ठेवावा. आमच्या काळ्या शेळीने एकदा पिंपात तोंड घालायचा प्रयत्न केला होता, पण दगड होता म्हणून वाचली.

आमच्या दाराला जुना हिरवा तेलरंग होता. तो खरवडल्यावर पापुद्रे पडले आणि कोंबड्या ते टिपायला आल्या. जुन्या रंगात शिसे असते. शिसे पोटात गेले तर विष. गाईसुद्धा रंग चाटतात. आता नवीन घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असू नये असा नियम आहे. तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण आजोबांच्या वेळच्या दाराला तो नियम कुठून ठाऊक असणार? म्हणून खरवडण्याआधी खाली जुने कापड अंथरावे आणि पापुद्रे गोळा करावेत. ते चुलीत घालू नयेत.

७. माझी चूक

आता ती गोष्ट लिहिते.

जुन्या रिपा काढल्या की त्यांतून गंजलेले खिळे निघत. ते वेचायचे काम बाबांनी माझ्याकडे दिले होते. एका रिकाम्या रंगाच्या डब्यात मी ते भरत होते. पाच दिवस मी काम नीट केले. सहाव्या दिवशी मैत्रिणी करवंदांना निघाल्या आणि मला हाका मारू लागल्या. मी डबा मांडवाजवळच्या दगडावर ठेवला आणि पळाले. घरात नेऊन ठेवायला दोन मिनिटे लागली असती.

परत आले तर काळी शेळी सुटलेली, डबा आडवा, आणि खिळे पेंढ्यात सांडलेले. दिवस मावळत होता. मी घाईघाईने दिसतील तेवढे उचलले आणि पेंढा हाताने सारखा केला. कोणाला सांगितले नाही. बाबा रागावतील म्हणून भ्याले.

तिसऱ्या दिवशी चांदीने वैरण टाकली. रवंथ करीना. पाठ वर करून, कोपरे बाहेर काढून उभी राहिली. खाली बसताना कण्हायची. ती सात महिन्यांची गाभण होती. आजी तिच्या अंगावरून हात फिरवून म्हणाली, “बाय गो, हिला आतून काय तरी टोचतंय.”

बाबांनी १९६२ या क्रमांकावर फोन केला. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी हा क्रमांक आहे. दुपारी डॉक्टर आले. ताप बघितला, खांद्यामागे पाठीवर दाबून पाहिले. दाबले की चांदी कण्हली. मग त्यांनी विचारले, “घराचं काम चालू आहे. लोखंडबिखंड पोटात गेलं असेल का?”

बाबा म्हणाले, “नाही हो डॉक्टर. खिळे पोरगी रोज वेचते.”

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. मला रडू फुटले. मग मी सगळे सांगून टाकले. डबा, करवंदे, शेळी, पेंढा, सगळे.

बाबा काहीच बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे वाटले असते. डॉक्टर मात्र म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. गाईला काय बोलता येत नाही. तू बोललीस म्हणून मला दिशा मिळाली. आता उगाच दुसरी औषधं देत बसायला नको.”

८. गाय खिळा का गिळते?

हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी पेंढ्यावर बसून समजावून सांगितले.

शेळी ओठांनी निवडून खाते. गाय तसे करत नाही. ती जिभेने वैरणीचा घास ओढते आणि नीट न चावताच गिळते. नंतर निवांत बसून तोच घास पुन्हा तोंडात आणते आणि चघळते. त्याला रवंथ म्हणतात. त्यामुळे पेंढ्यात खिळा असला तरी तिला कळत नाही.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिले मोठे पोट, दुसरे जाळीचे पोट, तिसरे पडद्यांचे पोट आणि चौथे खरे पोट. लोखंड जड असते, म्हणून ते जाळीच्या पोटात तळाशी जाऊन बसते. या पोटाला आतून मधाच्या पोळ्यासारखी घरे असतात, त्यांत खिळा अडकतो. पोट आवळले की खिळा पुढे टोचतो. आणि पुढे काय आहे? एक पातळ पडदा, आणि त्याच्या पलीकडे काळीज. खिळा तिथवर पोचला तर गाय वाचणे कठीण. गाभण गाईच्या पोटातले वासरू मोठे झाले की पोटाला पुढे दाबते, म्हणून तिला धोका जास्त.

हे ऐकून आजीला वीस वर्षांपूर्वीची एक म्हैस आठवली. तीसुद्धा अशीच पाठ वर करून उभी राहायची आणि शेवटी मेली. सगळे म्हणाले, दृष्ट लागली. त्या वर्षीही घरावर नवे पत्रे घातले होते. आजी म्हणाली, “दृष्ट न्हवती गं ती. खिळाच असंल.”

९. उपचार

डॉक्टरांनी सुया दिल्या. मग एक गुळगुळीत, बोटाएवढा लांबट लोहचुंबक काढला आणि नळीने चांदीच्या घशात सोडला. चुंबक जाळीच्या पोटात जाऊन बसतो आणि खिळ्याला आपल्याकडे ओढून धरतो. मग खिळा टोचत नाही. हा चुंबक गाईच्या पोटात जन्मभर राहतो, त्याचा त्रास होत नाही.

त्यांनी आणखी एक सांगितले. गाईचे पुढचे पाय वीतभर उंच राहतील असे तिला उभे करा, म्हणजे खिळा मागे सरकतो. बाबांनी आणि सुतार काकांनी जुन्या फळ्यांचा ओटा केला. तिला फिरवायचे नाही, चढावर न्यायचे नाही.

“गुण नाही आला तर पोट उघडून खिळा काढावा लागेल,” असे डॉक्टर म्हणाले. काका परळला राहतात. तिथे १८८६ साली सुरू झालेले जनावरांच्या डॉक्टरांचे मोठे कॉलेज आहे. पण गाभण गाय एवढ्या लांब टेंपोतून नेणार कशी? त्या रात्री घरात कोणी फार जेवले नाही. मी मांडवातच आजीजवळ झोपले.

पहिल्या दिवशी चांदीने नुसते पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी थोडे हिरवे गवत घेतले. तिसऱ्या दिवशी पहाटे आजीने मला हलवून उठवले. काळोखात कसला तरी सावकाश आवाज येत होता. चांदी रवंथ करत होती.

आषाढात ती व्याली. पाडी झाली. पाडी जरा बारीक आहे पण उड्या मारते.

१०. करून पाहा : खिळे वेचायची काठी

साहित्य : जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक, सुतळी, हातभर काठी, फडके.

कृती : चुंबक फडक्यात गुंडाळावा आणि सुतळीने काठीला टांगावा. काठी धरून अंगणातून, मांडवातून आणि वाटेवरून चुंबक जमिनीलगत सावकाश फिरवावा. फडक्याला चिकटलेले खिळे डब्यात झटकावेत. फडके सोडले की लोखंडाची भुकटीही निघून येते.

मी चांदीच्या आजारानंतर असे तीन दिवस केले. पहिल्या दिवशी १४२ खिळे व तुकडे निघाले, दुसऱ्या दिवशी ३७, तिसऱ्या दिवशी ९. एकूण १८८. सगळे मी आधी डोळ्यांनी वेचून झालेल्या जागेतले!

लक्षात ठेवा, चुंबकाला लोखंड चिकटते. विजेच्या कामातल्या तांब्याच्या तारेचे तुकडे आणि पत्र्याच्या कामातले ॲल्युमिनियमचे तुकडे चिकटत नाहीत. ते डोळ्यांनीच वेचावे लागतात. काचही तशीच. आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर पुन्हा एकदा काठी फिरवावी, कारण माती वाहून गेली की दडलेले खिळे वर येतात.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले, “चांदीच्या पोटात चुंबक आहे हे बाहेरून कळेल का?” गुरुजी शाळेच्या विज्ञानपेटीतले होकायंत्र घेऊन आमच्या गोठ्यात आले. चांदीच्या डाव्या कोपराच्या मागे खाली होकायंत्र धरले, तर काटा उत्तर दिशा सोडून चांदीकडे वळला. आम्ही सहा जणांनी ते बघितले.

११. बांधावे, पण सुरगाठीने

काम चालू असताना जनावर मोकळे सोडू नये हे खरे. पण बांधताना निरगाठ मारू नये. निरगाठ घाईत सुटत नाही. एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ मारावी. भिंत कलली, फळी पडली, आग लागली, तर दावे पटकन सोडता आले पाहिजे.

हे आम्हाला महाडच्या मावशीने शिकवले. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांना पूर आला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली आणि पुष्कळ माणसे गेली. मावशीच्या घरात पाणी भराभर चढले. तिच्या दोन शेळ्यांच्या दाव्यांना निरगाठ होती. काळोखात ती सुटेना. शेवटी मावसकाकांनी कोयत्याने दावी तोडली आणि शेळ्यांना जिन्यावर ढकलले. शेजारी एकाची म्हैस मात्र खुंट्यालाच बुडाली.

पूर ओसरल्यावर तिथे घरोघरी दुरुस्ती निघाली. चिखलात काचा, पत्रे, तारा, सगळे मिसळले होते. मावशीने शेळ्या महिनाभर आमच्याकडे पाठवल्या होत्या. काम फार मोठे असेल तर जनावरे नातेवाइकांकडे पाठवणे हाच चांगला उपाय आहे.

१२. थोडक्यात

(१) कौलाला हात लावण्याआधी प्रत्येक जनावराची जागा, चारा आणि पाणी ठरवावे.
(२) खुडूक कोंबडी रात्री, टोपलीसकट हलवावी.
(३) पिल्ले मोजावीत. चळत ठोकून मग उचलावी.
(४) यंत्राच्या आवाजापासून कुत्र्याला लांब न्यावे, मारू नये.
(५) चुना, सिमेंट, रंग आणि वाळवीचे औषध झाकून ठेवावे.
(६) खिळ्यांचा डबा झाकणाचा असावा आणि तो रोज घरात ठेवावा.
(७) गाय वैरण टाकून पाठ वर करून उभी राहिली, तर दृष्ट काढत बसू नये. डॉक्टरांना बोलवावे आणि घराचे काम चालू असल्याचे सांगावे.
(८) चूक झाली तर लगेच सांगावी. मी तीन दिवस उशीर केला, तेवढे दिवस चांदीने दुखणे सोसले.

पालकांना विनंती

पालकांनो, खिळे वेचायचे काम तुम्ही आम्हा मुलांना देता. आम्ही ते करू. पण संध्याकाळी एकदा डबा बघायला मागा. आमच्या घरी आता बाबा रोज विचारतात, “डबा कुठाय?” आणि मी दाखवते.

प्रश्न

१. गाय खिळा का गिळते आणि शेळी का गिळत नाही?
२. तांब्याची तार चुंबकाने का वेचता येत नाही?
३. कोंबडी १५ दिवस अंड्यांवर बसली आहे. पिल्ले निघायला अजून किती दिवस लागतील?
४. सुरगाठ आणि निरगाठ मारून दाखवा.

चौथा प्रश्न सर्वांनी घरी आपल्या गोठ्यात जाऊन करावा. माझी चुंबकाची काठी वर्गात कपाटाशेजारी ठेवली आहे. ज्यांच्या घरी काम निघेल त्यांनी ती न्यावी आणि परत आणून ठेवावी.